पुढचा गिअर

"यंत्र कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस!" हा सिद्धांत फोरमनसाहेबांनी जगापुढे मांडला, तेव्हा जगातर्फे त्यांची बायको एकटीच हजर होती, हातात पडलेली चेन धरून. पुढचा गिअर बदलला की तिच्या सायकलची चेन पडायचीच. बारा वर्षं ती "तुला गिअर टाकायची अक्कल नाही" हे ऐकत आली, आणि बारा वर्षं साहेबच चेन चढवून देत आले. यंदा अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला, म्हणून ती सायकल घेऊन दुकानात आली.

मेकॅनिकने पेडलजवळचं मोठं दातेरी चाक, चेनव्हील, खोललं. "बाई, चेन वर उचलायला याला आतून खाचा असतात. हे बसवलंय बोल्टचं एक भोक सरकवून, म्हणून त्या खाचा भलत्याच जागी येतात. चेन पडणार नाही तर काय! कुठल्या शहाण्याने बसवलं हे?"

"आमच्याच घरच्या."

मेकॅनिकने जीभ चावली.

"नीट बसवा," ती म्हणाली. "आणि ह्यांचा फोन येईल, काय बिघडलं होतं ते विचारायला. सायकल ठणठणीत आहे, बाईंनाच गिअर टाकता येत नाही, एवढं सांगाल?"