जुन्या जागची लिंक

उल्काताईंच्या शनिवार पेठेतल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये संगणकाची डिस्क भरली, तेव्हा भाच्यानं, राजसनं, पेशंटांचा सगळा डेटाबेस नव्या डिस्कवर हलवला आणि जुन्या जागी फक्त तिकडे नेणारी लिंक ठेवली. "मावशी, तुला फरक कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. फरक कळला. रिपोर्ट उघडायला आता उगाच वेळ लागत होता, आणि ताईंच्या दोन जुन्या पेशंटांना दुसऱ्याच लॅबमधून 'साखर तपासायची वेळ झाली' असे फोन आले होते. "नवी डिस्क कुठाय?" त्यांनी विचारलं. "ह्याच सीपीयूमध्ये. मीच बसवली ना!" ताई उठल्या आणि त्यांनी इंटरनेटची केबल उपटली. पडद्यावरची नावं नाहीशी झाली. "डिस्क सीपीयूमध्ये आहे, तर माझे पेशंट कुठं गेले रे?" राजस पुटपुटला, "त्या दुसऱ्या लॅबच्या संगणकावर. मावशी, आईला सांगू नकोस." ताईंनी त्याच्याकडची लॅबची किल्ली मागायला हात पुढे केला.