तिसरा बहार

काल्पनिक जगं ड्रॅगनमुळे नव्हे, तर मोडता न येणाऱ्या एका नियमामुळे स्मरणात राहतात, असं डॉ. पौर्णिमा राऊत वर्षानुवर्षं शिकवत होत्या. अमरावतीतल्या यंदाच्या तोंडी परीक्षेत मात्र प्रत्येकानं ड्रॅगनच उडवले. बाईंनी शांतपणे गुण कापले.

शेवटी अफिफा आली. तुझं आवडतं जग कोणतं, असं बाईंनी विचारलं.

"जिथं संत्र्याले तिसरा बहार येते, ते. ते संत्रं दोघांनी वाटून खाल्लं, का त्या जगातला बाहेर येते अन् बाहेरचा त्या जगात जाते."

बाईंची लेखणी थांबली. संत्र्याला वर्षात फुलोऱ्याचे बहार दोनच येतात. तिसऱ्या बहाराचं हे जग लहानपणी त्यांनी आणि धाकट्या भावानं, बंडूनं, वरूडच्या बागेत रचलं होतं. तो त्याच बागेतल्या विहिरीत बुडाला. त्यानंतर बाईंनी हा नियम कोणालाही सांगितला नव्हता.

"कुठून चोरलंस?"

"चोरलं नाई, मॅडम. बंडूनं सांगतलं. तुमी कावून रागावून राह्यल्या?"

तिनं पिशवीतून संत्रं काढून टेबलावर ठेवलं. ऑगस्टात वऱ्हाडात पिकलेलं संत्रं मिळत नाही. हे पिकलेलं होतं, सोललेलं होतं आणि अर्धंच होतं.

"त्याच्या वाट्याचं त्यानं खाल्लं," अफिफा म्हणाली. "आता तुमचं राह्यलं."