उभं पीक

“काकूंचा फोन गेला कामातून, काका. पण खेळ तुमच्या या डब्यावर चालेल,” दुरुस्तीवाली म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तिने फुकटातली सिस्टिम टाकायला घेतली. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही वापरावी अशी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर गेली. कॉम्प्युटरच्या पोटात आता एक मोबाईल तयार होतोय, असं तिने समजावलं. म्हाताऱ्याने मान हलवली. बायको गेल्यापासून तीन आठवडे तो सगळ्यालाच मान हलवत होता.

खेळ बायकोचा. शेतीचा. सहा वर्षं ती रोज सकाळी चहा गार होईपर्यंत त्यात पेरत, कापत बसायची आणि तो तिला ‘जमीनदारीणबाई’ म्हणून चिडवायचा. ते शेत त्याला एकदा बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

खेळ उघडला आणि नेमकं दुसरं गिऱ्हाईक आलं. “आलेच हं,” म्हणून दुरुस्तीवाली काउंटरकडे गेली. पडद्यावरची टोपीवाली बाई म्हणाली, बी पेरा. त्याने पेरलं. पाणी घाला. घातलं. हल्ली लोक सांगतील ते तो मुकाट करायचा. बसा म्हटलं की बसायचा, जेवा म्हटलं की जेवायचा.

ती परत आली. त्याने घरून आणलेल्या वहीच्या पानावर बायकोच्या अक्षरात पासवर्ड होता, तो तिने टाकला. लगेच एक चौकट आली. दोन शेतं सापडली आहेत. वरचं या कॉम्प्युटरवरचं, दहा मिनिटांचं. खालचं खात्यावरचं, सहा वर्षांचं. एकच ठेवता येईल. दुसरं कायमचं पुसलं जाईल.

“अहो, तुम्ही नवीन शेत सुरू केलंत?” तिने कपाळाला हात लावला. “बरं, असू दे. खालचं बटण दाबा, काकूंचं. नीट बघून हं. एकदा गेलं की परत मिळायचं नाही.”

त्याने माऊस धरला. बाण खालच्या बटणावर जाऊन थांबला. बोट काही हलेना.

“दाबा ना, काका.”

“दवाखान्यातही असंच विचारलं होतं.” भाजीचा भाव सांगावा तसा तो बोलला. “यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं. मी म्हटलं, बंद करा. हे तुम्ही दाबा, ताई.”

तिने दाबलं.

शेत आलं. पार कुंपणापर्यंत गहू, पिवळाधमक, कापणीला आलेला. आता तरी रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही.

“तीन आठवडे पाणी नाही,” तो म्हणाला. “वाळलं कसं नाही?”

“यात वाळत नाही. कापेपर्यंत उभं राहतं.”

“आणि हे बंद केलं तर?”

“बंद केलं तरी काही होत नाही, काका.”

त्याने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. मग चालू केला, तिला विचारून विचारून खेळ उघडला. गहू होता. त्याने परत बंद केला. परत चालू केला.

दुरुस्तीवालीने मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खुणेनेच थांबायला सांगितलं.