इंद्रभानचा परिचय

चुकलं ते खुर्च्यांपासूनच. भिंतीला लावून ओळीत ठेवल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसावीत म्हणून इंद्रभानच्या बायकोनं, सिंधूताईनं, त्या गोल मांडल्या.

त्यांच्या मयुरीला पाहायला हिवरा आश्रम या गावाहून पाहुणे आले होते. मुलगा धम्मरत्न, त्याची आई चांगुणाबाई, वडील मोतीराम. पोरापोरीचं फोनवर बोलणं झालेलं, एकमेकांना पसंत. आता काय ते मोठ्यांच्या हातात होतं.

जयभीम झाला, चहा झाला. मग चांगुणाबाई म्हणाल्या, आधी परिचय होऊ द्या. इंद्रभानला बायकोनं सकाळपासून पढवून ठेवलं होतं. नाव सांगायचं, शेती सांगायची आणि गप बसायचं. दारू सुटली ना, मग सोयरिकीत जुनं उकरून काढायचं कशाला? इंद्रभानलाही ते पटलं होतं.

पण बसल्या बसल्या सांगायचं सोडून भला माणूस उभा राहिला. भोवती गोल खुर्च्या, सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. चिखलीला दर रविवारी शाळेच्या एका खोलीत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, तिथं तो अस्साच उभा राहतो. जीभ आपल्या सवयीच्या वाटेनं गेली.

"माझं नाव इंद्रभान. मी बेवडा हाय. आजच्या दिवशी पेलो नाही."

आपण काय बोलून बसलो हे त्याला खाली बसल्यावर कळलं. सिंधूताईनं पदर तोंडाला लावला. दाराआड मयुरी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती, ती तिथंच थिजली. इतकी वर्षं पिऊन पोरीचं जेवढं वाटोळं केलं नाही, तेवढं एका दमात केलं, असं इंद्रभानला वाटलं. गंमत केली म्हणून सारवून नेता आलं असतं. ते काही त्याला जमेना. तो हळूच म्हणाला की आधी लय पीत होतो, आता नाही पीत.

चांगुणाबाई जरा पुढं सरकून बसल्या. कशी सुटली, एकट्यानं सुटते का, त्यांनी विचारलं. इंद्रभान म्हणाला, एकट्यानं नाही सुटत. चार जणांत बसून खरं बोललं की एक एक दिवस निघतो. धम्मरत्न खाली मान घालून ऐकत होता. मोतीराम वर पंख्याकडे पाहत होते, आणि पंखा तर बंद होता.

चांगुणाबाईंनी मयुरीला आत बोलावलं, तिच्या हातातला ट्रे खाली ठेवला आणि तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"पोरगी आमाले पसंत हाय, भाऊ," त्या इंद्रभानला म्हणाल्या. "आमच्या घरी आजवर कोनी असं खरं बोललं नाही."

सिंधूताईच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

मग चांगुणाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"उठा. आता तुमी सांगा."

मोतीरामनं बायकोकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. इंद्रभाननं त्यांच्याकडे पाहून नुसती मान हलवली. मोतीराम खुर्चीचा हात धरून उठले.

"माझं नाव मोतीराम," ते म्हणाले, आणि थांबले. कोणालाच घाई नव्हती.