आईचं विसरणं

सर्जननं हात पुढे केला आणि त्यांनी नुकतंच काय मागितलं, तेच सिस्टरच्या डोक्यातून साफ निघून गेलं. आठवड्यातली ही तिसरी खेप. आईसारखंच आपलंही होणार, या धास्तीनं तिचा जीव थाऱ्यावर राहिना. ऑपरेशन संपताच तिनं हॉस्पिटलातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हार्मोन कमी होतं, त्याची झळ मेंदूलाही लागते," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. बऱ्याच जणींचं विसरणं वर्ष-दोन वर्षांत आपोआप थांबतं."

हायसं वाटायचं सोडून सिस्टरला आईच आठवली. आईही तेव्हा पन्नाशीचीच होती. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा भावाच्या मुलाखतीचा निरोप द्यायचा राहिला, आणि घरादारानं ठरवून टाकलं, 'आईला काही सांगू नका, तिच्या लक्षात राहत नाही.' त्याला आता बावीस वर्षं झाली.

संध्याकाळी ती तडक आईकडे गेली. "आई, तुझं ते विसरणं... तो काही आजार नव्हता गं."

आई मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"माहीत आहे. दोन वर्षांत सगळं नीट लक्षात राहायला लागलं होतं. पण तोवर तुम्ही मला काही सांगायचंच सोडलं होतं."