सिंहाचं काळीज

"रग्बी खेळायला सिंहाचं काळीज लागतं," असं आमचे जावई दर शनिवारी बूट घालताना जाहीर करतात. नाड्या आमची लेक बांधते, कारण वाकलं की पोट मध्ये येतं. या खेपेला तिने बजावलं होतं, "आज कुठे लागलं ना, तर हे बूट भंगारात!"

सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात. तिथून जावयांचा फोन आला. "अगं, साधा ओरखडा नाही! समोरच्या रेड्याला असा लोळवलाय म्हणून सांगू! जेवलो की आलोच."

तासाभराने बेल वाजली. दारात समोरच्या संघाची जर्सी घातलेला एक धिप्पाड गृहस्थ अदबीने उभा होता.

 

"वहिनी, जरा गाडीपाशी येता का? यांना पायांकडून धरायला एक माणूस कमी पडतोय."