आयुधपूजेची तलवार

आयुधपूजेला येसाजीरावांनी खापरपणजोबांची तलवार लिंबाने लख्ख घासली, पाटावर ठेवून शेवंतीचा हार घातला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना दरवर्षीची गोष्ट रंगवून सांगितली. खापरपणजोबा ही तलवार घेऊन साताऱ्याहून म्हैसूरला आले तेव्हा त्यांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, तरी जवळच्या हिनकल गावच्या एका गौडांनी जातपात न विचारता आपली ओसरी दिली. ऐकून ऐकून त्यांच्या पत्नी वनजाबाईंचे कान किटले होते.

तेवढ्यात 'टू-लेट'ची पाटी वाचून मिझोरमची एक नर्स बॅग घेऊन फाटकाशी आली. वरची खोली मिळेल का, असं तिने मोडक्यातोडक्या का होईना, पण कन्नडमध्येच विचारलं.

"बाहेरच्यांना आम्ही देत नाही," म्हणत येसाजीरावांनी तिच्या तोंडावर फाटक लावलं.

वनजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "साकू! पुरे झालं तुमचं!" आधी कन्नडमध्ये, मग मराठीत त्या कडाडल्या. त्यांनी पाटावरची तलवार हारासकट उचलली, फाटक उघडलं आणि ती त्या मुलीच्या बॅगेशेजारी नेऊन ठेवली.




"अहो, हीपण बाहेरचीच. आता लावा फाटक!"